वीस हजारांच्या पलीकडे

हा लेख आम्ही दोघे भाऊ मिळून लिहीत आहोत. लिहिणारा हात धाकट्याचा आहे. पण हकिकत दोघांची आहे आणि तिच्यात जो मूर्खपणा आहे तोही आम्ही दोघांनी वाटून केलेला आहे. म्हणून 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणतो.

आमचे घर मिरजेतले. घरात तीन पिढ्या तंबोरे तयार होतात. पंढरपूरकडून भोपळे येतात, दांडी चढते, खुंट्या बसतात, रंग-पॉलिश होते. ही सारी कामे कारखान्यातला कुणीही शिकू शकतो. पण जवारी काढणे हे एकट्या अब्बांचे काम. तारा ज्या रुंद पट्टीवरून जातात ती घोडी. तिचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला अगदी बारीक उतार असतो. छेडलेली तार त्या उताराला क्षणाक्षणाला टेकते आणि सुटते. तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा सापडली की एकाच तारेतून सुरांचा पुंजका उठतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच गोष्टीवर लिहिले होते. नेहमीच्या नियमाप्रमाणे तार जिथे छेडावी तिथे काही उपस्वर उमटू नयेत. पण तंबोऱ्यात ते उमटतात, आणि त्याचे कारण ही घोडी. अब्बांनी रामन वाचलेले नाहीत. त्यांच्या हातात कानस, काचकागद आणि पुढे कान, एवढेच.

तीन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक तंबोरा घेऊन परत आले. आमच्या आठवणीत जवारीची तक्रार घेऊन आलेले हे पहिलेच गिऱ्हाईक. बाई गाणाऱ्या होत्या, बोलल्याही अदबीने. "रागावू नका, पण हा किरकिरतो," म्हणाल्या. आम्ही तार छेडली. किरकिरत होता. जवारी नको तेवढी उघडली गेली होती. अब्बा दुपारच्या नमाजला गेले होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. धाकट्याने दुसरी घोडी बसवली, जमेल तशी जवारी काढली, बाईंना तंबोरा परत दिला. जुनी घोडी चिठ्ठी लावून खणात टाकली. अब्बांना काही सांगितले नाही.

सांगणार तरी काय? ज्या माणसाच्या कानावर तीन पिढ्यांचे घर उभे आहे, त्याला मुलांनी सांगायचे की तुमचा कान गेला? त्या दिवसापासून अब्बांनी काढलेली प्रत्येक जवारी आम्ही गुपचूप तपासू लागलो. बऱ्याचशा ठीक असत. काही नसत. त्या आम्ही रात्री बदलत होतो. नातीने सलाम केला तर तिच्या तोंडातला 'स' त्यांना पोहोचत नव्हता. अजान ऐकू येई, कुकरची शिट्टी मात्र येत नसे.

याच सुमारास थोरला निवृत्त झाला. हातात पैसे आले. गाण्याचा शौक जुना. पुण्याला एका दुकानात तो स्पीकर पाहायला गेला आणि तिथे त्याला एक वाक्य ऐकायला मिळाले. दुकानदार म्हणाला, माणसाचा कान वीस हजार कंपनांपर्यंतच ऐकतो. पण हे स्पीकर चाळीस हजारांच्याही वर वाजवतात, आणि कानाला ऐकू न येणारे ते सूर शरीराला पोहोचतात. मेंदूला पोहोचतात. जपानमध्ये सिद्ध झाले आहे.

थोरल्याने ते वाक्य मिरजेपर्यंत जपून आणले. कानाला न येता मेंदूला पोहोचते! मग अब्बांना का पोहोचणार नाही? आम्ही दोघांनी त्या रात्री फार वेळ विचार केला असे म्हणता येणार नाही. दीड लाखाचा सामान-सरंजाम पुढच्या आठवड्यात घरी आला.

आता त्या 'वीस हजारां'विषयी थोडे सांगितले पाहिजे. आवाज म्हणजे हवेचे थरथरणे. सेकंदाला वीस वेळा थरथरले तर खर्जाच्याही खालची घरघर, वीस हजार वेळा थरथरले तर कोवळ्या कानालाच ऐकू येणारी बारीक शीळ. माणसाच्या कानाची कक्षा एवढी. आणि ही वरची हद्द वयाबरोबर खाली येते. याचा पुरावा आमच्या लहानपणातच आहे. मोहल्ल्यात पहिले टीव्ही आले तेव्हा आवाज पूर्ण बंद असला तरी शेजारी टीव्ही चालू आहे हे आम्हा पोरांना भिंतीपलीकडून कळायचे. एक बारीक सुई कानात टोचल्यासारखी शीळ यायची. मोठ्यांना वाटे, पोरे थापा मारतात. थाप नव्हती. त्या टीव्हीचे चित्र ६२५ ओळींचे, सेकंदाला २५ चित्रे. गुणाकार करा, १५,६२५. पडद्यामागचे यंत्र तेवढ्या वेगाने शीळ घालत होते. पोरांना ती ऐकू येई, बापांना येत नसे. आता ते टीव्ही गेले. आणि समजा उद्या कुणी एखादा आणून लावला तरी आम्हाला तो मुकाच वाटेल. मोबाइलवर तपासून पाहिले. थोरल्याचा कान दहा हजारांवर संपतो, धाकट्याचा साडेअकरा हजारांवर. धाकट्याचा मुलगा सतरा हजारांपर्यंत जातो. घरातले मांजर साठ हजारांपर्यंत ऐकते म्हणतात. म्हणजे नव्या स्पीकरची पूर्ण किंमत वसूल करणारे घरात एकच, आणि ते गाणे सुरू झाले की उठून जाते!

सीडी १९८२ साली आली तेव्हा सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे ठरवले. हा विचित्र आकडा आला तो त्या काळी आकड्यांतला आवाज व्हिडिओ टेपवर साठवत असत म्हणून. नायक्विस्ट आणि शॅनन यांनी आधीच दाखवून दिले होते की जेवढ्या कंपनांपर्यंतचा आवाज पकडायचा त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने घेतले की पुरे. ४४,१०० चे निम्मे २२,०५०. कानाची हद्द वीस हजार. झाले. पुष्कळांना वाटते की दोन नमुन्यांच्या मधला आवाज हरवतो, गाण्याच्या पायऱ्या पायऱ्या होतात. तसे होत नाही. हद्दीच्या आतला आवाज असेल तर त्या ठिपक्यांतून जाणारी रेषा एकच असते आणि यंत्र तीच पुन्हा काढते. मधले काही हरवत नाही. हरवते ते फक्त हद्दीच्या वरचे.

मग वरचे काही असते का? असते. झांजेवर आघात केला की तिच्या आवाजाचा बराच भाग वीस हजारांच्या वर जातो. तोंडाशी बूच लावलेल्या ट्रम्पेटच्या आवाजाचाही थोडा भाग तिथे जातो. पुढे १९९९ साली एसएसीडी आली, पाठोपाठ डीव्हीडी-ऑडिओ आली, आणि २०१४ साली जपानच्या ऑडिओ संघटनेने चाळीस हजारांपर्यंत वाजवणाऱ्या यंत्रांवर लावायची सोनेरी-काळी खूण ठरवली. तीच खूण आमच्या नव्या पेटीवर होती. अर्थात खूण स्पीकरवर असून भागत नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळचा मायक्रोफोनच वीस हजारांवर थकत असेल तर पुढचे सगळे चाळीस हजार रिकामेच.

जपानची गोष्टही खोटी नव्हती. त्सुतोमु ओहाशी नावाच्या संशोधकाने इंडोनेशियातल्या बाली बेटाचे गामेलान वाद्य निवडले. काशाच्या पट्ट्या आणि घंटा, त्यामुळे वरचे सूर भरपूर. हा माणूस स्वतः संगीतकारही. 'अकिरा' या १९८८ च्या जपानी चित्रपटाचे संगीत त्याचेच. २००० साली त्याने आणि सहकाऱ्यांनी लिहिले की ऐकू येणारे आणि न येणारे सूर एकत्र वाजवले तर ऐकणाऱ्याच्या मेंदूतल्या एका प्रकारच्या लहरी वाढतात. नुसतेच न येणारे वाजवले तर काही होत नाही. पुढे २००६ साली त्यांनीच लिहिले की हे सूर हेडफोनमधून दिले तर परिणाम दिसत नाही, सगळ्या शरीरावर पडले तरच दिसतो. म्हणजे हेडफोनवर तीच सोनेरी खूण लावणाऱ्यांना या संशोधनाचा आधार घेता येत नाही. आणि जपानच्याच एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या प्रयोगशाळेने लोकांना बसवून तपासले, तेव्हा फरक ओळखता येतो असे निघाले नाही.

हे सगळे आम्हाला नंतर कळले. तेव्हा आम्ही आनंदात होतो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आमच्या गावचे. १९३७ साली गेले, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, आणि दरवर्षी उर्साला तिथे गाणी होतात. त्यांच्या तबकड्यांवर आम्ही वाढलो. पण त्या काळच्या तबकडीत पाच-सात हजारांच्या पुढे फारसे काही नसतेच, हेही तेव्हा ध्यानात आले नाही. नवी ध्वनिमुद्रणे आणली. अब्बांना समोर बसवले. ते सभ्यपणे अर्धा तास बसले. मग म्हणाले, "अच्छा है. आवाज बडा है." आणि उठले.

थोरला हट्टाला पेटला. "फरक पडतो. मला स्वतःला कळतो." धाकटा म्हणाला, "कळतो तर पडद्याआडून ओळखून दाखव."

धाकट्याचा मुलगा कॉम्प्युटरवाला. त्याने एकच ध्वनिमुद्रण घेतले. एक प्रत जशीच्या तशी, सेकंदाला ९६,००० नमुन्यांची. दुसरी तीच, पण सीडीच्या मापात उतरवून वीस हजारांवरचे सारे काढून टाकलेली. नाणे उडवायचे, पडलेल्या बाजूप्रमाणे प्रत लावायची, थोरल्याने सांगायचे कोणती. वीस वेळा. थोरल्याने सतरा वेळा बरोबर सांगितले! नुसत्या नशिबाने वीसपैकी पंधरा किंवा जास्त बरोबर येण्याचा योग शंभरातून दोनदा. सतरा म्हणजे बोलायलाच नको. थोरल्याने मिठाई मागवली.

मिठाई येईपर्यंत पोराने कागद तपासले. मग मान खाली घालून म्हणाला, "बडे अब्बा, माफ करा. एक प्रत जराशी मोठ्याने वाजत होती." उतरवताना आवाजाची पातळी हलली होती. आणि दोन आवाजांत जो किंचित मोठा तो कानाला जास्त चांगला वाटतो. मोठा आहे हे कळतही नाही, नुसता 'खुला', 'जिवंत' वाटतो. दुकानांत हे रोज घडते, कुणी मुद्दाम करो वा न करो. पातळी डेसिबलच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत जुळवून पुन्हा वीस वेळा झाले. थोरला अकरा. धाकटा नऊ. पोरगा, ज्याचे कान सतरा हजारांपर्यंत जातात, तो दहा. मिठाई तशीच पडून राहिली. आम्ही दोघे चार दिवस एकमेकांशी कामापुरते बोललो.

आमचा निकाल काही जगावेगळा नव्हता. अमेरिकेत मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ साली असाच, पण मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. ५५४ वेळा विचारले, २७६ वेळा बरोबर उत्तर आले. नाणे उडवले असते तरी इतकेच आले असते. त्यावर आक्षेपही निघाले, की वापरलेल्या तबकड्यांतच वरचे सूर किती होते कोण जाणे. मग २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी अठरा प्रयोगांचे साडेबारा हजारांवर निकाल एकत्र केले. बरोबर उत्तरे ५२.३ टक्के निघाली. आधी शिकवून तयार केलेल्या ऐकणाऱ्यांची साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभरात पन्नास नशिबाने येतात, तिथे बावन्न. शून्य नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तो फरक वरच्या सुरांचाच, की गाळणीच्या यंत्राचा, की स्पीकरचा, हे त्यातून ठरत नाही. कारण तीस हजार आणि तेहतीस हजारांचे दोन सूर एकाच स्पीकरवर जोरात लोटले तर स्पीकर अडखळतो आणि दोहोंतला फरक, तीन हजारांचा तिसराच सूर, स्वतःहून तयार करतो. तो मात्र आपल्याला स्पष्ट ऐकू येतो. ऐकणारा म्हणतो, काहीतरी जास्त आहे. आहे खरे, पण ते वाद्यातले नाही, स्पीकरने आपल्या पदरचे घातलेले आहे.

पाचव्या दिवशी थोरला आपणहून कारखान्यात आला. म्हणाला, "मी वरचे वरचे शोधत बसलो. अब्बांचे खालचे किती गेले ते आपण मोजलेच नाही."

खरेच मोजले नव्हते. लपवण्यात दीड वर्ष गेले होते. स्पीकर घरात आणले ते अब्बांसाठी, असे आम्ही म्हणत होतो. पण खरे म्हणजे अब्बांना डॉक्टरकडे चला म्हणायची हिंमत नव्हती म्हणून आणले. कान तपासायचा म्हणजे त्यांना कळणार. आम्हाला असे औषध हवे होते की जे रोग्याला न सांगता देता येईल.

शेवटी अम्मीने सोडवले. ती एवढेच म्हणाली, "मैं बोलती सो सुनाई नै देता तुमको. चलो." अब्बा निमूट निघाले.

काचेच्या खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून, आवाज आला की बोट वर करायला सांगतात. ही तपासणी २५० पासून ८,००० पर्यंतच असते. वीस हजारांची गोष्टच नाही. अब्बांचे बोट एक हजारापर्यंत झटपट वर येत होते. दोन हजारांना उशिरा आले. चार हजारांना आवाज सत्तर डेसिबलपर्यंत चढवावा लागला. आठ हजारांना यंत्राचा जोर संपला, बोट मांडीवरच राहिले. तेव्हा ते काचेतून आमच्याकडे पाहत होते. आवाज चालू आहे की नाही, हे आमच्या तोंडावरून ओळखायचा त्यांचा प्रयत्न होता.

कागदावरची ती उतरती रेषा पाहिली आणि सगळे उलगडले. जवारीची जी झणझण, ज्यावर ती उघडी की बंद हे ठरते, ती पुष्कळशी दोन हजारांपासून सहा-सात हजारांपर्यंतच असते. अब्बांना तिथलेच कमी येत होते. म्हणून ते येईपर्यंत घासत होते. त्यांचा हात चुकत नव्हता. त्यांना ऐकू येईल इतकी जवारी ते काढत होते. आम्हाला ती जास्त होत होती.

दोन्ही कानांना यंत्रे आणली. पहिल्या दिवशी नातीचा सलाम पूर्ण ऐकून ते हसले. दुसऱ्या दिवशी तंबोरा छेडला आणि यंत्रे काढून टाकली. "रोता है," म्हणाले. सूर हेलकावे खात होता. आम्हाला वाटले, संपले. पण ज्या बाईंनी यंत्रे बसवली त्यांनी ऐकून घेतले. ही यंत्रे बोलण्यासाठी बनवलेली. एकसारखा लांब सूर आला की यंत्राला वाटते ही आपलीच शिट्टी, आणि ते तिला कापायला धावते. तंबोऱ्याइतका एकसारखा लांब सूर दुसरा कोणता? त्यांनी संगीतासाठी वेगळी मांडणी करून दिली, कापणे जवळजवळ बंद केले. तीन वेळा जावे लागले. तिसऱ्या खेपेला अब्बा तंबोराच रिक्षात घालून घेऊन गेले.

त्यानंतरच्या शुक्रवारची गोष्ट. अब्बा कारखान्यात सूत शोधत होते. त्यांनी खण उघडला. त्यात चिठ्ठ्या लावलेल्या घोड्या होत्या. एक नाही, सात. आम्ही दोघेही तिथेच होतो. आम्ही काही बोललो नाही.

अब्बांनी पहिली घोडी उचलली. माथ्यावरून अंगठा फिरवला. आपल्या हाताचे काम कारागिराला कळते. एका तयार तंबोऱ्याच्या तारा सैल केल्या, घोडी सरकवून बसवली, तारा पुन्हा चढवल्या, सूत लावले. यंत्राचे बटण दाबून संगीताची मांडणी केली आणि छेडले. तंबोरा किरकिरला.

ते बराच वेळ छेडत राहिले. मग आमच्याकडे न पाहता विचारले, "कब से?"

थोरल्याने सांगितले, "दीड साल से, अब्बा."

आम्हाला वाटले, रागावतील. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी सातही घोड्या ओळीने मांडल्या, चष्मा पुसला आणि कानस मागितली. जास्त घासलेला माथा पुन्हा भरता येत नाही. पण सगळा पृष्ठभाग थोडा खाली आणून उतार नव्याने धरता येतो. घोडी चांगली जाड असेल तर. मगरिबपर्यंत त्यांनी तीन सुधारल्या. चार बाजूला ठेवल्या, "ये गयी" म्हणून.

ते स्पीकर थोरल्याच्या घरी आहेत. ते वाईट नाहीत, हेही लिहिले पाहिजे. वीस हजारांच्या खालचे ते फार स्वच्छ वाजवतात आणि आम्हाला तेवढेच लागते. अब्बा क्वचित जाऊन बसतात. कानातली यंत्रे साधारण आठ हजारांपर्यंतचेच देतात. त्यात त्यांचे भागते. त्या चार घोड्या मात्र त्यांनी टाकू दिलेल्या नाहीत. त्यांच्या मांडीजवळच्या डब्यात असतात. नवी जवारी काढून झाली की ते ती आधी आम्हा दोघांना ऐकवतात, "देखो रे" म्हणतात, आणि आमच्या तोंडाकडे पाहतात.